मामाची हरकत

माझ्या मामाला "जेवलास का?" असं विचारलं, तर तो म्हणतो, "नाही म्हणजे, जेवलो." "बाहेर ऊन आहे का?" "नाही म्हणजे, आहे तसं." लग्नाच्या वेळी मामीच्या वडिलांनी त्याला विचारलं होतं, "माझ्या मुलीला सुखात ठेवाल ना?" तेव्हाही त्याने "नाही म्हणजे" अशीच सुरुवात केली, आणि पुढचं वाक्य येईपर्यंत त्या बिचाऱ्यांना घाम फुटला. काही लोक बोलण्याआधी घसा खाकरतात, मामा 'नाही' म्हणतो. त्या 'नाही'मध्ये काही नसतं.

हे एवढ्यासाठी सांगते, की या सवयीमुळेच मामाला हुद्दा मिळाला. आणि त्या हुद्द्यापायी आज माझी आई पलीकडच्या थांब्यावरून घरी येण्यासाठी अख्ख्या शहराला फेरा घालते. यात नेमकं कोण चुकलं, ते मला अजून उलगडलेलं नाही. मी रागवायला बसते आणि मधेच कुणावर रागवत होते तेच विसरते.

मामा शहराच्या बससेवेत तिकीट तपासनीस होता. उंच, जरा वाकलेला. जन्मभर बसच्या छताखाली उभं राहून राहून मान तशीच राहिली. तपासनीस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एक दरारा येतो, मामाकडे तो औषधालाही नव्हता. विनातिकीट माणूस सापडला की त्या माणसापेक्षा मामाच जास्त ओशाळायचा. "नाही म्हणजे, राहिलं असेल काढायचं," असं स्वतःच सुचवायचा. आई म्हणायची, माझा भाऊ या नोकरीत चुकून चढला आणि उतरायचा थांबा त्याला सापडला नाही.

बससेवेचे मोठे साहेब तसे भले गृहस्थ. अंगात उत्साह फार. ते बोलायला लागले की समोरच्याला वाटायचं, आपणही असाच विचार करत होतो. त्यांच्या बैठकीत सहा-सात जण बसायचे. त्यांतले दोघे पुढे येतील म्हणून सांगते. एक इंजिनियर आणि एक वाहतूक विभागाच्या बाई. दोघंही हुशार. पण साहेबांनी एक ओळ म्हटली की सगळ्यांनी मिळून तिची री ओढायची, अशी त्या खोलीची हवाच होती. कुणी दटावत नव्हतं हो. उलट खेळीमेळी इतकी, की मधेच नाही म्हणणं म्हणजे वाढदिवसाच्या केकवर शिंकल्यासारखं वाटायचं.

त्या खेळीमेळीत एकदा शहरभर नवे बसथांबे बांधून झाले, आणि सगळे पाठ रस्त्याकडे करून. नकाशा भिंतीवर उलटा लावला गेला होता. प्रत्येकाला तो जरा विचित्र वाटला होता, पण बाकीचे गप्प आहेत म्हणजे आपल्यालाच कळत नसणार, असं समजून सगळे मूग गिळून बसले. पुढे वर्षभर लोक बाकावर बसून भिंत बघायचे आणि बस मागून निघून जायची.

साहेबांनी ते मनाला लावून घेतलं. कुठल्याशा शिबिराला गेले आणि नवा विचार घेऊन आले. म्हणाले, आपल्याकडे सगळे हो म्हणतात, तेच आपलं दुखणं आहे. आपल्याला एक नाही म्हणणारा माणूस पाहिजे. अधिकृत. त्याचं कामच ते.

आणि नेमका त्याच दिवशी मामा कुठल्याशा सहीसाठी त्यांच्या खोलीत गेला. साहेबांनी जुन्या सवयीने विचारलं, "काय, नवे थांबे चांगले झालेत ना?"

"नाही म्हणजे..." मामा म्हणाला.

पुढे तो म्हणणार होता की चांगलेच झालेत, पावसात डोक्यावर छप्पर तर आलं. पण साहेब खुर्चीतून उठले होते. त्यांनी मामाचा हात हातात घेतला. म्हणाले, "इतक्या वर्षांत या खोलीत मला तोंडावर नाही म्हणणारे तुम्ही पहिले!"

अशा रीतीने माझा मामा हरकत अधिकारी झाला. दारावर पाटी लागली. आम्ही घरी हसून लोळलो. आई म्हणाली, "तुझ्या खोकल्याला कुणी गाणं समजलं रे." मामा म्हणाला, "नाही म्हणजे, मी सांगितलं त्यांना. ते म्हणाले, ही नम्रताही हवीच."

सुरुवातीला गंमत आली. बैठकीत विषय संपत आला की साहेब टेबलाच्या टोकाकडे वळायचे. तिथे दाराजवळ मामाची खुर्ची होती, इतरांपासून मुद्दाम थोडी लांब ठेवलेली. साहेब विचारायचे, "हरकत?" आणि मामा उभा राहायचा. आदल्या दिवशी आमच्या घरी टेबलाशी बसून तो हरकती शोधायचा. मला विचारायचा, आईला विचारायचा, बसमधल्या लोकांना विचारायचा. एक-दोनदा त्याच्या हरकतीमुळे खरंच काहीतरी बदललं. बसच्या पायऱ्या उंच करायच्या होत्या, त्या होत्या तशाच राहिल्या. त्या दिवशी मामा घरी आला तो चक्क सरळ मानेने.

पण हळूहळू त्या हरकतीची सवय झाली सगळ्यांना. मामा उभा राहिला की बाहेर चहाला खूण जायची. म्हणजे मामाची हरकत आणि चहा, दोन्ही एकदमच यायचे. तो बोलत असताना कप वाजायचे, साखर किती ते विचारलं जायचं, कुणी फोन बघून घ्यायचं. मामाचं बोलणं संपलं की साहेब मनापासून म्हणायचे, "उत्तम. हरकत नोंदवून घ्या." मग चहा प्यायलेले ताजेतवाने लोक ठराव मंजूर करायचे. कुणाच्या मनात खोट नव्हती. विरोध ऐकून घेतल्याचं समाधान सगळ्यांच्या चेहऱ्यावर असायचं. मला हे मामाने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अरे मामा, त्यांनी तुझाच मामा केला." त्याला हसू आलं नाही.

अशात आईची किडनी बिघडली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आमचं घर पाण्याच्या टाकीच्या थांब्यासमोर, आणि दवाखाना पुढच्याच थांब्यावर. मधे चढ आहे, म्हणून चालणं शक्य नाही, आणि एवढ्या जवळचं भाडं टॅक्सीवाले घेत नाहीत. मी चष्म्याच्या दुकानात कामाला, मला दुपारी निघता यायचं नाही. पण बसची सोय सुरेख होती. इथून बसायचं, पुढच्या थांब्यावर उतरायचं. येताना रस्ता ओलांडायचा, उलट्या बाजूची बस घ्यायची, की घर. मशीनवरून उठल्यावर आईचे पाय कापसाचे व्हायचे, पण ती म्हणायची, "एकच तर थांबा आहे, डोळे मिटून उघडले की आपलं दार."

आणि साहेबांना गोल बसची कल्पना सुचली.

आमच्या शहराभोवती एक गोल रस्ता आहे, सगळ्या बस त्यावरून दोन्ही दिशांनी धावायच्या. जुन्या बाजारात रस्ता अरुंद. तिथे दोन बस समोरासमोर आल्या की कुणी मागे घ्यायची यावरून भांडणं. साहेबांनी बैठकीत चहाची बशी उपडी ठेवली, तिच्या कडेला साखरेचा खडा लावला आणि बोटाने तो गोल ढकलला. म्हणाले, सगळ्या बस एकाच दिशेने! समोरासमोर येणारच नाहीत. कोंडी संपली. शिवाय कुठूनही बसा, कुठेही उतरा, गाडी बदलायला नको.

सगळे त्या खड्याकडे बघत राहिले. खडा फिरत होता, आणि खरंच कुठेच अडत नव्हता. इंजिनियरने स्वतः एकदा फिरवून पाहिला. बाई म्हणाल्या, "किती सोपं होतं, आपल्याला आधी सुचलं कसं नाही?" त्या खोलीतले सगळे कार्यालयाच्या मोटारीने ये-जा करायचे. बसने येणारा एकटा मामा.

"हरकत?" साहेबांनी विचारलं.

मामा उभा राहिला. "नाही म्हणजे, जायचं ठीक आहे, पण परत कसं यायचं? ज्याला एकच थांबा मागे यायचंय, त्याने काय करायचं? माझी बहीण..."

"साखर किती?" कुणीतरी विचारलं.

"उत्तम," साहेब म्हणाले. "हरकत नोंदवून घ्या. पुढच्या बैठकीत शेवटचा निर्णय."

मामा आमच्या घरी आला तो पाय ओढत. आई पलंगावर पडली होती. त्याने तिला सगळं सांगितलं, बशीसकट. आई म्हणाली, "म्हणजे येताना मी सगळं गाव फिरायचं?"

"नाही म्हणजे, हो."

"मला नाही जमायचं रे ते. त्या मशीनवरून उठल्यावर मला उभंसुद्धा राहवत नाही."

तिने हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. त्यामुळेच मी मामावर घसरले. म्हटलं, ओरड जाऊन, टेबलावर हात आपट, हरकत अधिकारी आहेस ना तू! तो म्हणाला, "आपटला तर म्हणतील, आज फारच छान हरकत घेतली. अगं, माझं 'नाही' ऐकूच येत नाही त्यांना. घड्याळाची टिकटिक कशी ऐकू येत नाही, तसं झालंय."

मग तो खिडकीशी गेला, आणि वळला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण मामाचा चेहरा उजळला की काहीतरी हरवतं किंवा फुटतं.

"घड्याळ बंद पडलं की मात्र लगेच लक्षात येतं," तो म्हणाला. "मी या वेळी हो म्हणतो."

"काय?"

"माझी हरकत नाही, असं सांगतो. दचकतील ते. म्हणतील, हा माणूस आणि हो म्हणतोय? कुठेतरी माशी शिंकली. मग विचारतील, का हो? आणि मग मी सांगीन. तेव्हा ऐकतील."

मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. खरं सांगते, आम्हाला ते पटलं. आम्ही तिघं त्या खोलीत होतो आणि तिघांनाही ते एकदम पटलं. आई तर उठून बसली. म्हणाली, "डोकं आहे हं तुला." आमच्या घरात हरकत अधिकारी कुणी नव्हताच.

बैठकीच्या दिवशी काय घडलं, ते मी मामाकडून इतक्यांदा ऐकलंय की आता मीच तिथे होते असं वाटतं. बशी पुन्हा आली, खडा पुन्हा फिरला. साहेब टेबलाच्या टोकाकडे वळले. "हरकत?"

मामा उभा राहिला. दारात चहावाला ट्रे घेऊन तयार.

"माझी हरकत नाही," मामा म्हणाला.

ट्रे दारातच थांबला. एकाही कपाचा आवाज नाही. सगळे मामाकडे बघायला लागले, मग एकमेकांकडे. मामा सांगतो, तेवढा एक क्षण त्याला वाटलं की जमलं. इंजिनियरचे ओठ हलले. बाईंनी हातातला पेन खाली ठेवला. आता कुणीतरी विचारणार, का हो?

साहेबांचे डोळे भरून आले. "मंडळी," ते म्हणाले, "ज्यांनी आजवर एकाही ठरावाला हो म्हटलं नाही, त्यांचीसुद्धा या ठरावाला हरकत नाही! यापेक्षा मोठी पावती कुठली हवी?"

आणि टाळ्या. सगळ्यांनी, उभं राहून. कुणीतरी मामाची खुर्ची दाराजवळून उचलली आणि टेबलाशी, साहेबांच्या शेजारी आणून ठेवली. पहिला कप मामाला मिळाला.

"मग तू सांगितलं का नाहीस?" मी ओरडलेच. "तेव्हा तरी उठून सांगायचं होतंस ना!"

"नाही म्हणजे, सांगणार होतो." तो हातातल्या टोपीची कड दुमडत राहिला. "पण काय सांगू, टाळ्या वाजत होत्या. त्या लांबच्या खुर्चीत इतके दिवस बसलो होतो मी. सगळे हसून बघत होते माझ्याकडे. बरं वाटलं गं. आणि त्या क्षणी मला खरंच वाटायला लागलं, की असेल, चांगलीच असेल योजना. एवढे सगळे म्हणतायत."

आईने तोंड भिंतीकडे केलं. मला कळेना, याला धरून हलवावं की जवळ घ्यावं. मी दोन्ही केलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

पुढच्या आठवड्यात तो इंजिनियर आमच्या दुकानात चष्मा बदलायला आला. मी त्याच्या डोळ्यांवर काचा लावत होते, तेव्हा मामाचा विषय निघाला. म्हटलं, तुम्हाला तरी ते बरोबर वाटलं होतं का? तो त्या जाड चौकटीतून माझ्याकडे बघत म्हणाला, "छे हो. परत यायचं काय, हा प्रश्न माझ्या मनात होताच. बाईंच्याही होता, नंतर जिन्यात बोलल्या त्या. पण आम्ही म्हटलं, ते आहेत ना हरकत घ्यायला. त्यांनी घेतली की आपण जोड देऊ. आणि ते म्हणाले हरकत नाही! मग वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय."

"आणि त्याच्या आदल्या बैठकीत त्याने हरकत घेतली, तेव्हा का नाही जोड दिलीत?"

तो गोंधळला. "घेतली होती का?" त्याने चौकट काढली, पुसली, पुन्हा लावली. "तेव्हा चहा आला होता बहुतेक."

मी त्याला चिडून काहीतरी बोलणार होते. पण तो इतका प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न करत होता, की मी नुसतं विचारलं, "आता डावीकडचं अक्षर दिसतंय का?" तो म्हणाला, दिसतंय.

बस एकाच दिशेने धावू लागल्या. तक्रारी आल्या, नाही असं नाही. मामा साहेबांकडे गेला. या वेळी त्याने आईचं, मशीनचं, कापसाच्या पायांचं सगळं सांगितलं. साहेबांनी खुर्ची दिली, लक्ष देऊन ऐकलं. शेवटी थोडं दुखावून म्हणाले, "पण तेव्हा तर तुमची हरकत नव्हती. आजवर तुम्ही एकदाच मनापासून बोललात, आणि आम्ही तुमच्या त्या शब्दावर एवढं मोठं काम केलं. आता तुम्ही पुन्हा सवयीने नाही म्हणताय." मामा खुर्ची जागेवर सरकवून बाहेर आला.

मामाने तो हुद्दा सोडला. पाटी मात्र अजून तिथेच आहे, त्या जागी दुसरा कुणी मिळेना. आता आठवड्यातून तीनदा तोच आईला दवाखान्यात नेतो. जाताना एक थांबा. येताना बाजार, कोर्ट, स्टेशन, गिरणी, शाळा, मैदान, आणि मग कधीतरी पाण्याची टाकी.

परवा मला सुट्टी होती, मी त्यांच्याबरोबर गेले. दवाखान्यासमोर थांब्यावर उभं राहिलं की आमच्या टाकीचा वरचा भाग दिसतो. आईने तिकडे एकदा पाहिलं. बस आली, आणि टाकीकडे पाठ करून निघाली. आई खिडकीशी, तिच्या शेजारी मामा, मी मागच्या बाकावर. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. बाजारापर्यंत तिचं डोकं मामाच्या खांद्यावर टेकलं, आणि मामा अजिबात न हलता ताठ बसून राहिला. इतका ताठ मी त्याला त्या पायऱ्यांच्या दिवसानंतर पाहिला नव्हता.

स्टेशनपाशी बस बराच वेळ अडकली. आईने डोळे न उघडताच विचारलं, "आलं का रे घर?"

मी वाट बघत होते, आता हा म्हणणार, नाही म्हणजे, येईलच. मी त्याच्या तोंडचा शब्द धरून बसले होते.

"नाही," मामा म्हणाला.

त्यापुढे काही नाही. आईने डोळे उघडले आणि त्याच्याकडे पाहिलं. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच तिने त्याच्या तोंडून नुसतं नाही ऐकलं होतं. मग तिने पुन्हा डोकं टेकलं.

"असू दे," ती पुटपुटली. "हरकत नाही."

मामाने तोंड दुसऱ्या बाजूला फिरवलं. बस सुटली आणि गिरणीच्या दिशेने निघाली.